दोन उन्हाळे

किल्ली फिरवली तर गाडी नुसती टकटकली,
दाराशी कुणी लहान मूल उभं असल्यासारखी.
मग तेही नाही.

सोहार. ऑगस्टातली संध्याकाळ, साडेसहा,
तरी स्टिअरिंगला हात लावला की आपसूक सुटतो.
मी चंद्रपूरचा. वाटायचं,
उन्हाबद्दल मला कुणी शिकवू नये.
ते वाटणं पहिल्याच वर्षी वितळलं,
डॅशबोर्डवरच्या गणपतीखालच्या डिंकासारखं.

शेजारचा खमीस लुंगीवरच बाहेर आला,
जंपर केबल खांद्यावर उपरण्यासारखी टाकून.
काळा काळ्याला, लाल लालला.
'बंद करू नको वाटेत,' म्हणाला, 'थेट दुकान.'
मी सिग्नललाही इंजिन रेटत राहिलो,
साप चावलेल्याला झोपू देत नाहीत तसा.

मोईदूकुट्टीचं दुकान म्हणजे
टायरच्या दोन चळतींमधली फट.
भावाआधी तो तारीख दाखवतो.
'ही कोरियन, मे महिन्यातली. बावीस रियाल.
ती सतरा, पण वर्षभर फळीवर बसून आहे.
बॅटरी बसून बसूनही संपते, साब.'
मी त्याच्याकडे बघितलं.
तो बॅटरीबद्दलच बोलत होता.

बावीसचे रुपये किती,
चौदा वर्षं झाली, ही खोड जात नाही.
'जुनी ठेवून जा, दोन कमी करतो.'
'चालेल किती?'
'तिकडे पाच वर्षं चालली असती. इथे दोन उन्हाळे.
वॉरंटी एकाची.'
आणि कार्डावर माझं नाव लिहिलं,
निखाडेतलं एक अक्षर गाळून.

मफिजुलने बॉनेट उघडलं.
टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी फुललेली,
फुलकोबीसारखी, दोन वर्षं मी न बघितलेली.
त्याने चहाच्या किटलीतलं गरम पाणी ओतलं,
ती फसफसली आणि वाहून गेली.
दहाचा पाना, आधी काळी तार, मग लाल.
जुनी बॅटरी कडेवर घेऊन
त्याने कोपऱ्यातल्या रांगेत नेऊन बसवली,
खडूने तारीख घालून.
मी उगाच तिकडे बघत राहिलो. चूक तिची नव्हती.

गाडी एका हाकेत उठली.
पण सगळं विसरून.
रेडिओची स्टेशनं नाहीत,
लिटरला किती किलोमीटर तो हिशोब नाही,
आणि घड्याळात बारा, बारा, बारा, लुकलुकत.

ते घड्याळ इथल्या वेळेवर नव्हतंच कधी.
लेक सातवीत असताना सुट्टीत आली होती,
तिने दीड तास पुढे करून ठेवलं,
'म्हणजे बाबा, तुम्हाला कळेल मी शाळेत आहे की घरी.'
तेव्हापासून मी रोज दीड तास वजा करून
बंदरावर ड्यूटीला वेळेत पोचत आलोय.
ती आता नागपुरात रात्रपाळी करते,
कधी झोपते, कधी उठते, घड्याळाचा संबंध नाही.
पण मी काही ते बदललं नव्हतं.

पैसे देऊन येतो तर
मफिजुल सीटवर पाय बाहेर टाकून बसलेला,
एक डोळा मनगटावर, एक बोट बटणावर.
'टाइम लगा दिया, भाई.'
मी अर्धा रियाल त्याच्या खिशात घातला.

फलज अल कबाइलच्या गोलाला वळसा घालताना
आकड्यांकडे नीट पाहिलं.
दोन तास पुढे.
त्याचं मनगट नोआखालीत होतं.

परत फिरलो नाही. गर्दी होती,
आणि काय सांगणार होतो त्याला,
की तुझं घर चुकलंय, माझं लाव?

रात्री फोनवर लेकीला सांगितलं.
ती हेडफोन काढून हसली असावी,
आवाज लांबून आला.
'मग सोपंय ना बाबा. माझ्यासाठी अर्धा तास वजा करा.'

करतोय.
पुढच्या बॅटरीपर्यंत.